मुलाणी : एका आडनांवाची हकीकत

पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांतल्या एखाद्या खेड्याचा पत्ता लिहावयाचा झाला म्हणजे आपण 'मौजे अमुक, तालुका दौंड, जिल्हा पुणें' असें लिहितों. त्यांतलीं गांवांचीं नांवें सोडलीं तर उरलेले तीनहि शब्द अरबी आहेत, हें लिहिणाराच्या ध्यानींमनींहि नसतें. 'मौजे' हा अरबी 'मौझअ', म्हणजे ठिकाण. 'तालुका' हा 'तअल्लुक', म्हणजे संबंध, लागभाग. आणि 'जिल्हा' हा 'झिलअ', ज्याचा मूळचा अर्थ बरगडी किंवा बाजू. शेजारच्या शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन करून इसवी सनापूर्वीं १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेली ताम्रपाषाणयुगांतली शेतकऱ्यांची वसति उजेडांत आणली. साडेतीन हजार वर्षांच्या या वसतीला आज ज्या नांवानें जग ओळखतें, त्या नांवाचा पूर्वार्ध 'इनाम' हा अरबी आहे. जमीन फार जुनी, नांव त्या मानानें कालचें. परंतु हें नांव परकें आहे असें त्या गांवच्या माणसास कधीं वाटलें असेल, असें मला वाटत नाहीं.

गांवांच्या नांवांना आपण जो न्याय लावतों तो माणसांच्या आडनांवांना मात्र सर्वत्र सारखा लावीत नाहीं. मुजुमदार, मिरासदार, मुतालिक, सराफ या आडनांवांच्या पोटीं अनुक्रमें 'मजमूअ', 'मीरास', 'मुतअल्लिक' आणि 'सर्राफ' हे अस्सल अरबी शब्द बसलेले आहेत. पण हीं आडनांवें धारण करणाऱ्या गृहस्थास 'आपण मूळचे कोठले?' म्हणून कोणीं विचारलेंच, तर विचारणाराच्या मनांत कोंकणांतलें नाहीं तर देशावरचें एखादें गांव असतें. हाच प्रश्न 'मुलाणी' असें आडनांव सांगणाऱ्यास केला जातो तेव्हां त्याचा रोख निराळा असतो. हें आडनांव बाहेरचें, तेव्हां माणूसहि केव्हां तरी बाहेरून आलेला असावा, असा एक न बोललेला तर्क त्या प्रश्नामागें असतो. या तर्कांत कितपत अर्थ आहे, हें पाहावयाचें तर त्या शब्दाचा माग अरबस्तानापासून भीमेच्या कांठापर्यंत काढला पाहिजे. आणि हा प्रवास मोठा मनोरंजक आहे.

अरबी भाषेंत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूंतून निघतात. 'व-ल-य' या धातूचा अर्थ जवळ असणें, लगत असणें. जो जवळ तो स्नेही, जो जवळ तो रक्षणकर्ता, आणि जो रक्षण करतो तो सत्ताधारी, अशा पायऱ्यांनीं या धातूचा विस्तार झालेला आहे. ईश्वराच्या जवळचा तो 'वली'. 'वली'चें अनेकवचन 'औलिया', ज्याचा आपण 'अवलिया' करून त्यास एकवचनीं बसविलें. कारभार पाहणारा तो 'वाली'. आपल्याकडे एखादी अनाथ विधवा 'मला कोणी वाली उरला नाहीं' असें म्हणते, तेव्हां ती हाच अरबी शब्द त्याच्या मूळच्या अर्थाला अगदीं चिकटून वापरीत असते. वालीच्या सत्तेखालचा मुलूख ती 'विलायत'. पुढें ती विलायत सातासमुद्रांपलीकडे इंग्लंडांत जाऊन बसली आणि वांग्यापासून चिंचेपर्यंत अनेक पदार्थ विलायती झाले. याच धातूपासून 'मौला' हा शब्द होतो. 'मौला' म्हणजे धनी. त्याला अरबींतला 'ना' हा 'आमचा' या अर्थाचा प्रत्यय लागला म्हणजे 'मौलाना', 'आमचा धनी', असा शब्द सिद्ध होतो. फ्रेंच लोक वाटेल त्या गृहस्थास 'मोंस्यो', म्हणजे 'माझे धनी', म्हणून हांक मारतात, त्यांतलाच हा प्रकार. षष्ठीचा प्रत्यय पदवींत मुरून गेला कीं मग तो कोणास ऐकूं येत नाहीं.

या 'मौला' शब्दाची एक गंमत अशी कीं, त्याला परस्परविरोधी दोन अर्थ आहेत. धनी तोहि मौला आणि धन्याच्या आश्रयाला आलेला, त्यानें मुक्त केलेला दास तोहि मौला. जवळीक हा मूळ अर्थ धरला म्हणजे हा विरोध मावळतो. कारण जवळीक दोन्ही बाजूंनीं असते. परंतु या द्व्यर्थीपणानें इतिहासांत मोठमोठे वाद उत्पन्न केले आहेत. इसवी सन ६३२ मध्यें पैगंबरांनीं गदीर खुम्म येथें अलींच्या संबंधानें हा शब्द उच्चारला. त्याचा अर्थ शिया पंथानें 'स्वामी' असा घेतला, सुन्नी पंथानें 'स्नेही' असा घेतला, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाहीं. पुढें उमय्या खलिफांच्या अमदानींत इराण वगैरे देशांतल्या लोकांनीं इस्लाम स्वीकारला, तेव्हां त्यांस कोणत्या तरी अरब टोळीच्या आश्रयास जाऊन तिचे 'मवाली' व्हावें लागे. 'मवाली' हें 'मौला'चें अनेकवचन. या मवाल्यांतून बसऱ्याच्या हसनसारखे (मृत्यु ७२८) थोर विद्वान् निपजले. पण शब्दाची प्रतिष्ठा कांहीं टिकली नाहीं. धन्याभोंवतीं घोंटाळणारे आश्रित, मग भोंवतालचें टोळकें, आणि शेवटीं नाक्यावर उभा राहून लोकांस त्रास देणारा गुंड, अशा उतरणीनें 'मवाली' मुंबईच्या रस्त्यावर येऊन पोंचला. 'मौलाना' आणि 'मवाली' हे सख्खे भाऊ आहेत, हें सांगितलें तर दोघांनाहि आवडावयाचें नाहीं.

मौलानाची वाट मात्र बहुतेक ठिकाणीं चढणीची झाली. मोरोक्कोच्या सुलतानांनीं 'मौलाय' ही पदवी आपल्या नांवामागें लाविली. कोन्या शहरीं राहिलेला जलालुद्दीन रूमी (१२०७–१२७३) हा फारसी कवि नुसता 'मौलाना' म्हणूनच प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या संप्रदायास 'मौलवी' हें नांव मिळालें; तुर्क त्याचा उच्चार 'मेव्हलेवी' असा करितात. आपल्या देशांत अबुल कलाम आझादांच्या (१८८८–१९५८) नांवामागें ही पदवी इतकी घट्ट बसली आहे कीं, तिच्यावांचून नांव अपुरें वाटतें. इकडे इराणांत आणि मध्य आशियांत 'मौला'चा 'मुल्ला' झाला. हा 'मुल्ला' विद्येचें सर्वसामान्य बिरुद होतें, धर्माचें नव्हे. मुंबईचे पारशी दस्तुर मुल्ला फिरोज (१७५८–१८३०) हे जरथुष्ट्री धर्माचे अधिकारी होते. हिंदु धर्मशास्त्रावर ज्यांचा ग्रंथ अजून न्यायालयांत उघडला जातो ते दिनशा मुल्ला (१८६८–१९३४) हेहि पारशी. आणि उर्दू कवि व न्यायाधीश आनंद नारायण मुल्ला (१९०१–१९९७) हे काश्मीरी ब्राह्मण. ज्यांचा असा समज आहे कीं आडनांवावरून धर्म ओळखावा, त्यांनीं या तीन नांवांचा थोडा विचार करावा.

आतां हा शब्द आपल्याकडे येऊन काय झाला तें पाहूं. तो अरबांनीं आणिला नाहीं. बहामनी राज्य १३४७ त स्थापन झालें, त्याच्या आधींपासून फारसी ही दक्षिणेंत राज्यकारभाराची भाषा होऊं लागली होती, आणि अरबी शब्द त्या फारसीच्या गाठोड्यांत बांधलेले आले. 'मौलाना'तला पहिला 'मौ' पुढच्या दीर्घ 'ला'पुढें आंखडला आणि 'मुलाना' झाला. मग मराठीनें त्यावर आपला शिक्का मारला, तो 'ण'चा. मराठीस दोन स्वरांमध्यें सांपडलेल्या 'न'चा 'ण' करण्याची मोठी आवड आहे. फारसीतल्या 'नजराना'चा तिनें नजराणा केला, 'बहाना'चा बहाणा, 'तराना'चा तराणा, 'बयाना'चा बयाणा; दिवाण, पठाण, इराण हीं त्याच टांकसाळींतलीं नाणीं. तसाच 'मुलाना'चा मुलाणा झाला. हा 'ण' अरबींत नाहीं, फारसींतहि नाहीं. ज्या अरबाच्या भाषेंतून हा शब्द निघाला, त्याला तो आज आपल्याप्रमाणें उच्चारतां सुद्धां यावयाचा नाहीं. मक्केपासून बगदादपर्यंत हिंडलें तरी 'मुलाणी' या नांवाचें घर मिळावयाचें नाहीं. तें पाटस-यवताकडे, शिरूरकडे, सातारा-सोलापुराकडे, सांगलीकडे मिळेल. ज्याला आपण अरबी आडनांव म्हणतों तें या अर्थानें केवळ महाराष्ट्रांत घडलेलें आहे.

शेवटच्या ईकारासंबंधीं थोडें लिहिलें पाहिजे. 'मुलाणा' हें हुद्द्याचें नांव आणि 'मुलाणी' हें त्या घराण्याचें नांव, असा भेद आज रूढ आहे. माझ्या मतें हा ईकार संबंधदर्शक आहे. सरकारचें तें सरकारी, तसा मुलाण्याच्या घरचा तो मुलाणी. शिवाय कुळकर्णी, जोशी या गांवच्याच दुसऱ्या वृत्तिवाचक आडनांवांच्या पंक्तीला बसावयाचें तर ईकार सोयीचाच होता. सिंधी हिंदूंतहि 'मूलाणी' असें आडनांव आढळतें, त्यावरून मात्र कोणी घोंटाळ्यांत पडूं नये. तेथें 'आणी' हा वंशदर्शक प्रत्यय असून तो पूर्वजाच्या नांवास लागतो, जसा अडवाणी, कृपलाणी यांत. त्याचा अरबी मौलाशीं कांहीं संबंध नाहीं. दोन नद्या एका नांवाच्या असल्या म्हणून त्यांचा उगम एक होत नाहीं.

हा मुलाणा गांवांत काय करीत असे? बलुत्यांच्या याद्या प्रांताप्रांतांत निरनिराळ्या आहेत आणि बारा ही संख्या कायम ठेवून आंतलीं नांवें बदललेलीं दिसतात. मोल्सवर्थनें आपल्या कोशांत जी यादी दिली आहे तींत बलुतेदारांच्या तीन 'कासा' केल्या आहेत. सुतार, लोहार, महार, मांग ही थोरली कास. कुंभार, चांभार, परीट, न्हावी ही मधली. आणि भट, मुलाणा, गुरव, कोळी ही धाकटी. 'कास' हा शब्द मोठा मार्मिक आहे. पिकाला गाय कल्पून तिचें दूध ज्यानें त्यानें आपापल्या कासेनें घ्यावें, हा त्यांतला अभिप्राय असावा. त्या धाकट्या कासेंत भट आणि मुलाणा शेजारीं शेजारीं बसलेले आहेत. दोघांनाहि खळ्यावरचेंच धान्य, आणि दोघांनाहि तें देवाच्या नांवावर मिळालेलें. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथांत गांवच्या या साऱ्या व्यवस्थेचें जें वर्णन आहे, तें ज्यांनीं वाचलें असेल त्यांस या जोडीचें नवल वाटणार नाहीं. ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं तें अवश्य वाचावें. महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या माणसानें लिहिलेलें असल्यामुळें त्यांत गांवाविषयीं प्रेम आहे, पण भोळेपणा नाहीं.

मुलाण्याचीं कामें दुहेरी होतीं. मुसलमान घरांपुरतीं पाहिलीं तर मशिदींत दिवा लावणें, बांग देणें, पोरांस चार आयती शिकविणें, काझीच्या परवानगीनें निका लावणें, मयताची नमाज पढणें, मोहरमांत ताबूत-डोल्यांची व्यवस्था पाहणें, हीं त्याचीं कामें. काझी हा कसब्याचा, मोठा. मुलाणा हा मौज्याचा, लहान. परंतु एवढ्यासाठीं कुणब्यानें त्यास आपल्या खळ्यावरून बलुतें दिलें नसतें. कित्येक गांवांत मुसलमानांचीं घरें दोन किंवा चारच असत, आणि तेथेंहि मुलाणा असे. त्याचें दुसरें काम साऱ्या गांवाचें होतें, आणि तें सुरीचें होतें. मराठा, धनगर, माळी वगैरे मांसाहारी घरांत लग्नाच्या, जत्रेच्या किंवा नवसाच्या निमित्तानें बकरें कापावयाचें झालें म्हणजे मुलाण्यास बोलावीत. तो देवाचें नांव घेऊन सुरी फिरवी, आपला वांटा घेई आणि जाई. मुलाण्याच्या हातचें नसेल तें मांस कुणबी घरांत शिजूं देत नसत. दसऱ्याच्या रेड्याची गोष्ट निराळी. तेथें मान आणि मानकरी दुसरे होते. पण रोजच्या व्यवहारांतला नियम हा असा होता.

असें कां असावें? मला यांत नुसती संवय दिसत नाहीं. जीव घेणें ही सहज करण्याची गोष्ट नव्हे, तिला अधिकार लागतो, आणि तो अधिकार देवाचें नांव घेतल्यावांचून येत नाहीं, अशी कांहींशी भावना कुणब्याच्या मनांत असली पाहिजे. नांव कोणत्या भाषेंत घेतलें जातें याची चौकशी त्यानें केली नाहीं. आपण भटाचे मंत्र जितके समजून ऐकतों तितकेच तो मुलाण्याचे शब्द समजून ऐके. मार्च २०२५ मध्यें महाराष्ट्रांत झटक्याच्या मांसाच्या दुकानांसाठीं 'मल्हार' नांवाचें प्रमाणपत्र निघालें आणि हलाल कीं झटका या प्रश्नावर वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले. त्या वादांत कोणी कोणता पक्ष घ्यावा हें येथें सांगण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु त्या रकान्यांत मुलाण्याचा उल्लेख मला कोठेंच आढळला नाहीं, याचें आश्चर्य वाटलें. ज्या कुणब्याच्या नांवानें हा वाद चालला होता, त्याच्याच आजा-पणजानें आपल्या खळ्यावर त्या सुरीसाठीं धान्याचा वांटा ठरवून ठेविला होता.

मुलाणकी ही वतन होती. ती बापामागून मुलाकडे जाई, भावांत तिच्या तक्षिमा पडत, आणि तींत कोणी आडवा आला तर गोतापुढें भांडण उभें राही. गांवच्या महजरांवर पाटील-कुळकर्ण्यांच्या खालीं बलुतेदारांच्या साक्षी असतात, त्यांत मुलाण्याचेंहि नांव असतें. शेताच्या बांधावरून दोन कुणबी भांडले तर बांध कोठला हें सांगण्याचा त्याचा हक्क कुंभार-लोहाराइतकाच धरला जाई. त्याची साक्ष मागण्याचें कारण एकच, कीं तो गांवचा होता. 'महजर' हा शब्दहि अरबीच. हजर असलेल्यांचा तो लेख.

येथें त्या काळच्या कागदांविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. जुन्या मोडी कागदांत पाटलाचें नांव 'अमकोजी बिन तमकोजी' असें येतें. हा 'बिन' म्हणजे अरबी 'इब्न', पुत्र. 'वलद' हाहि त्याच अर्थाचा अरबी शब्द. म्हणजे कुणबी पाटील आपल्या बापाचें नांव आपल्या नांवाशीं जोडतांना सांधा वापरी तो अरबी. कागदाच्या डोक्यावर ब्राह्मण कुळकर्णी शुहूर सन घाली, आणि त्याचे आंकडे अरबी शब्दांत लिही. हा सन १३४४ त सुरू झाला आणि त्याचें वर्ष मृगाबरोबर पालटतें, म्हणून तो शेतकऱ्याचा सन. 'इहिदे सितैन मया व अलफ' असें वाचलें म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, मिळून ११६१ शुहूर, इसवी सन १७६०–६१, पानिपताचें साल. हे अरबी आंकडे ज्याला तोंडपाठ येत नसत तो कुळकर्णी कसला? खुद्द भोसल्यांच्या कुळांत मालोजीच्या दोन पुत्रांचीं नांवें शहाजी व शरीफजी अशीं आहेत, आणि तीं अहमदनगरच्या शहा शरीफ या अवलियावरून ठेविलीं अशी परंपरा आहे. 'शरीफ' म्हणजे कुलीन, हा शब्दहि अरबी. शिवछत्रपतींनीं राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास रघुनाथ पंडिताकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून सुमारें १४०० यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, सरनौबताचा सेनापति. दरबारांत तीं नांवें कांहीं काळ चाललीं. पण आजच्या मतदारांच्या याद्या पाहिल्या तर मुजुमदार पुष्कळ सांपडतात, अमात्य विरळा. जीं नांवें घराच्या ओट्यावर जाऊन बसलीं, तीं कोशकारास उठवितां आलीं नाहींत.

मुलाण्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट घडली. इंग्रज सरकारनें १८६४ च्या कायद्यानें काझी नेमण्याचें आपलें काम सोडून दिलें. १८८० त पुन्हां कायदा करून ते नेमण्याची मोकळीक घेतली, पण त्या नेमणुकीनें कसलाहि न्यायाचा अधिकार दिला नाहीं. यामुळें काझीचा दरारा पुष्कळ कमी झाला. मुलाणा सरकारच्या नेमणुकीवर नव्हताच, खळ्यावर होता. म्हणून तो टिकला. याच काळांत आडनांवें कायम होऊं लागलीं. पुण्याहून निघालेली आगगाडी १८५८ त दौंडावरून दिकसळपर्यंत गेली आणि १८७८ त दौंड–मनमाड फांटा उघडला. रेल्वेच्या हजेरीपुस्तकांत, शाळेच्या पटावर, न्यायालयाच्या समन्सावर 'अमक्या बिन तमक्या' चालेनासें झालें. तिसरा रकाना भरणें भाग पडलें. त्या रकान्यांत पाटलानें पाटील लिहिलें, जोश्यानें जोशी आणि मुलाण्यानें मुलाणी. गांवोगांव एकेक घर असल्यामुळें हें आडनांव प्रांतभर विखुरलें, परंतु एका गांवचे मुलाणी आणि दुसऱ्या गांवचे मुलाणी यांचा भाऊबंदपणा असलाच पाहिजे असें नाहीं. जसा तो दोन गांवच्या कुळकर्ण्यांत नसतो. कुळ एक नव्हे, वृत्ति एक. याच न्यायानें अत्तरें-सुगंध विकणारा तो आतार (अरबी 'अत्तार'), कापूस पिंजणारा तो नदाफ (अरबी 'नद्दाफ'), दर्ग्याजवळ राहणारा तो मुजावर; 'मुजाविर' म्हणजे शेजारी. नदाफाचा धंदा करणाऱ्या दुसऱ्या लोकांस पिंजारी म्हणतात. शब्द एक अरबी, एक देशी, धनुकली तीच. यांतल्या कोणाच्या आडनांवावरून त्याचा पूर्वज अरबस्तानांतून आला असें सिद्ध होत नाहीं. मुजुमदारांच्या बाबतींत जें कोणी म्हणत नाहीं, तें आतारांच्या बाबतींत म्हणण्यास आधार काय?

अलीकडे मात्र हें आडनांव मागें पडत चाललें आहे. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर वडिलांचें आडनांव मुलाणी आणि मुलाचें शेख, असा प्रकार मीं एकाहून अधिक वेळां पाहिला आहे. कारणें उघड आहेत. 'शेख' शब्दाचा मूळ अर्थ वडील माणूस. पण हिंदुस्थानांत सय्यद, शेख, मोगल, पठाण या चार कुलीन वर्गांत त्याची गणना झाल्यामुळें त्याला वजन आहे. 'मुलाणी' म्हटलें कीं सुरी आठवते, खळ्यावरचें सूप आठवतें, आणि शहरांत राहणाऱ्या पोरास तें नकोसें होतें. कोणीं कोणतें आडनांव लावावें हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पाटीलकी गेलेला पाटील आपलें आडनांव मिरवितो आणि बलुतें गेलेला मुलाणी आपलें लपवितो, यांत दोष मुलाण्याचा नव्हे. शेख हें नांव मोठें आहे यांत संशय नाहीं. दौंडाहून भीमा ओलांडली कीं श्रीगोंदें लागतें; तेथल्या शेख महंमदांनीं मराठींत 'योगसंग्राम' लिहिला आणि संतांच्या मालिकेंत स्थान मिळविलें. परंतु शेख नांवाचीं माणसें ढाक्यापासून कैरोपर्यंत आहेत. त्या नांवांतून गांव कळत नाहीं, कास कळत नाहीं, गोतांतली जागा कळत नाहीं. ज्या एका शब्दांत 'हा माणूस या मातीच्या व्यवस्थेंत चारपांचशें वर्षें वांटेकरी होता' असा पुरावा सांठलेला आहे, तो शब्द त्याच्या मालकानेंच पुसून टाकावा, आणि पुसल्यावर दुसऱ्यानें त्यास 'तुम्ही मूळचे कोठले?' म्हणून विचारावें, हें मला विपरीत वाटतें.

बलुतें कां गेलें, याचें मोठें कारण वतनें रद्द करणाऱ्या कायद्यांइतकेंच पिकांतहि आहे. दौंड-शिरूर हा पर्जन्यछायेचा, रब्बी ज्वारीचा मुलूख. 'रब्बी' हें अरबी 'रबीअ', म्हणजे वसंत. 'खरीप' हें 'खरीफ', म्हणजे शरद. ज्वारीचें खळें पडे, रास होई, आणि राशीभोंवतीं बलुतेदार आपापल्या पाट्या घेऊन बसत. पुढें खडकवासल्याच्या मुठा कालव्याचें पाणी आलें, भीमेकांठीं यंत्रें बसलीं आणि ऊस आला. उसाला खळें नसतें. तो बैलगाडींतून किंवा ट्रकांतून कारखान्याच्या कांट्यावर जातो आणि पैसे पेढींत जमा होतात. तेथें पाटी घेऊन बसण्यास जागा नाहीं. ज्या शेतांत अजून ज्वारी होते तेथेंहि मळणीयंत्र आल्यापासून खळें एका रात्रीचें झालें आहे. सुरी खाटकाच्या दुकानांत गेली, निका शहरच्या काझीकडे गेला, आणि मुलाण्याकडे पिराचा दिवा तेवढा राहिला. तोहि कांहीं ठिकाणीं विजेचा झाला.

या मुलाणकीचे कागद मात्र पुष्कळ ठिकाणीं शिल्लक असावेत. इनाम जमिनीच्या सनदा, तक्षिमांचीं वांटणीपत्रें, दोन घरांतल्या भांडणांचे निवाडे, हीं मोडींत लिहिलेलीं असल्यामुळें आज घरांतल्या कोणासहि वाचतां येत नाहींत, आणि छपराखालच्या पेटींत वाळवीच्या स्वाधीन झालेलीं असतात. पाटील-देशमुखांच्या कागदांचे खंडच्या खंड छापले गेले. बलुतेदारांच्या कागदांकडे त्या मानानें फार थोड्यांचें लक्ष गेलें. पुण्यास पेशवे दफ्तर आहे, १९१० त स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मोडी शिकविणारे वर्गहि चालतात. एखाद्या तरुण अभ्यासकानें दौंड, शिरूर, बारामती, इंदापूर एवढे चारच तालुके घेऊन दोन उन्हाळे मुलाण्यांच्या घरीं हिंडावें, कागदांचीं छायाचित्रें घ्यावींत आणि कागद ज्याचे त्यास परत द्यावेत. पेटी उघडावयास सांगतांना पाहुणा कोण, कशाकरितां आला, हें घरचे लोक आधीं विचारतील. तें त्यांस नीट सांगावें, आणि चहा पुढें आला तर नाहीं म्हणूं नये.